४ ओहमचे स्पीकर आणि ‘८ ते १६ ओहम’ छापलेला जुना स्टिरिओ रिसीव्हर

मंद्रसप्तक

जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. आमच्याकडे १९९०च्या दशकातला एक दोन चॅनेलचा स्टिरिओ रिसीव्हर आहे. काकांनी तो मस्कतहून येताना आणला होता आणि आजही तो उत्तम चालतो. माहितीपुस्तिकेत ‘८ ओहमला प्रत्येक चॅनेलला ६० वॅट’ असे लिहिले आहे. मागच्या बाजूला स्पीकरच्या जोडण्यांपाशी ‘ए किंवा बी : ८ ते १६ ओहम’ आणि ‘ए अधिक बी : १६ ओहम’ असे छापलेले आहे. काही रिसीव्हरना इम्पीडन्स (स्पीकर आवाजाच्या विजेला करतो तो ओहममध्ये मोजला जाणारा अडथळा) निवडण्याची कळ असते, तशी याला नाही.

आतापर्यंत त्याला ८ ओहमचे स्पीकर जोडलेले होते. अलीकडे एका परिचितांकडून, ते परदेशी स्थायिक व्हायला निघाले म्हणून, जर्मन बनावटीच्या बुकशेल्फ स्पीकरची एक जोडी मिळाली. तिच्या मागच्या पट्टीवर ‘४ ओहम’ आणि ‘८६ डेसिबल, २.८३ व्होल्ट, १ मीटर’ असा उल्लेख आहे. मल्टिमीटर लावून पाहिला तेव्हा दोन्ही स्पीकरचा रोध ३.४ ओहम आला. आवाज इतका सुरेख आहे की जुने स्पीकर पुन्हा दिवाणखान्यात आणावेत असे वाटत नाही, म्हणून नवी जोडी ‘ए’ला लावून जुनी जोडी ‘बी’मार्फत जेवणाच्या खोलीत नेली आहे.

घरी पाहुणे जमले असताना दोन्ही जोड्या एकदम चालू ठेवल्या होत्या. साधारण अर्ध्या तासाने आतून ‘टक्’ असा आवाज येऊन सगळे शांत झाले. वरच्या जाळीवर हात ठेवता येत नव्हता. रिसीव्हर निवल्यावर तो आपोआप सुरू झाला.

आता सल्ल्यांची गर्दी झाली आहे. दुकानदार म्हणतात की प्रत्येक स्पीकरला ४ ओहम, १० वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर मालिकेत लावा, म्हणजे बेरीज ८ होईल. ते नको असेल तर लाउडस्पीकरच्या धंद्यात वापरतात तो लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावा. मामेभावाचे म्हणणे असे की हे आकडे कंपन्या नुसत्या घाबरवायला छापतात. यातले कोणते खरे मानावे? रिसीव्हर बदलण्याची माझी इच्छा नाही.

ओहमकार

आपल्या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे, ती आधी दूर केलेली बरी. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरचा इम्पीडन्स ‘जुळवायचा’ नसतो. जुळवण्याची भाषा व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या, काळातली आहे. त्या अ‍ॅम्प्लिफायरना आउटपुट ट्रान्सफॉर्मर असे, त्याला ४, ८ आणि १६ ओहमची वेगवेगळी टोके काढलेली असत आणि स्पीकर योग्य टोकालाच जोडावा लागे. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स ओहमच्या लहानशा अंशाइतका असतो. तो आवाजाच्या कळीप्रमाणे ठरावीक व्होल्टेज देऊ करतो. त्या व्होल्टेजला प्रवाह किती वाहील हे स्पीकर ठरवतो. म्हणून मागे छापलेला ८ हा आकडा जुळवणीचा नसून खालच्या मर्यादेचा आहे. त्याच्या वर कितीही गेलात तरी अ‍ॅम्प्लिफायरला त्रास नाही, फक्त वॅट कमी मिळतील. खाली गेलात तर प्रवाह वाढतो आणि त्याबरोबर उष्णता वाढते.

आपल्याच रिसीव्हरचे आकडे घेऊ. ८ ओहमला ६० वॅट म्हणजे सुमारे २२ व्होल्ट आणि २.७५ अँपिअर. तेच २२ व्होल्ट ४ ओहमला मिळाले तर प्रवाह ५.५ अँपिअर होतो आणि कागदोपत्री १२० वॅट. आपल्या रिसीव्हरचा वीजपुरवठा १२० वॅटसाठी बांधलेला नाही, त्यामुळे ते मिळणार नाहीतच. व्होल्टेज आधीच खाली बसेल आणि आवाज फाटेल.

खरी मेख मात्र पूर्ण आवाजावर नाही, मधल्या आवाजावर आहे, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अशा अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये सर्वांत जास्त उष्णता तो कमाल आवाजाच्या साधारण ४० टक्के वॅट देत असताना निर्माण होते. आपल्या रिसीव्हरचा अंतर्गत पुरवठा अधिक-उणे ३८ व्होल्ट धरला, तर सलग स्वरावर ती कमाल उष्णता ८ ओहमला एका चॅनेलमागे सुमारे ३७ वॅट आणि ४ ओहमला सुमारे ७३ वॅट येते. ती उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीट सिंक मात्र तेवढाच आहे. गाणे म्हणजे सलग स्वर नव्हे, त्यात चढउतार असतात, त्यामुळे प्रत्यक्षातली सरासरी पुष्कळ कमी असते. पण आजकालच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण सगळीकडून सारखे दाबून भरलेले असते आणि मेजवानीत तेच लागते.

त्यातही ४ हा आकडा नाममात्र आहे. स्पीकरचा इम्पीडन्स प्रत्येक वारंवारतेला वेगळा असतो. वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या पडद्याच्या) अनुनादापाशी, म्हणजे तो आपसूक सर्वांत जास्त थरथरतो त्या वारंवारतेला, तो २० ओहम किंवा त्याहूनही वर चढतो आणि मधल्या खर्जात तळाला जातो. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या ६०२६८ मालिकेतल्या मानकानुसार तळाचा आकडा नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी असू नये, म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरने ३.२च्या खाली जाऊ नये. मानक पाळणे सगळ्याच कंपन्यांना जमते असे नाही, पण आपल्याला ३.४ ओहम रोध मिळाला आहे, त्यावरून हा स्पीकर प्रामाणिक ४ ओहमचा दिसतो. मल्टिमीटर एकदिश प्रवाहाचा रोध दाखवतो आणि तो नाममात्र आकड्याच्या थोडा खालीच येतो. ‘८ ओहम’ लिहिलेल्या स्पीकरवर ३.४ दिसते तर मी पट्टीवर विश्वास ठेवला नसता. अपोजी कंपनीच्या सिंटिला या १९८०च्या दशकातल्या रिबन स्पीकरचा इम्पीडन्स तर १ ओहम होता. त्याच्यासमोर भलेभले अ‍ॅम्प्लिफायर हात टेकत. आपले प्रकरण त्या मानाने सौम्य आहे.

आता घडले काय ते पाहा. ‘ए’ आणि ‘बी’ एकदम चालू केल्यावर बहुतेक रिसीव्हर दोन्ही जोड्या समांतर जोडतात. ४ आणि ८ समांतर म्हणजे २.६७ ओहम. मागे छापलेल्या सूचनेनुसार दोन जोड्यांना प्रत्येकी १६ हवे होते, म्हणजे समांतर ८. रिसीव्हरने अर्धा तास काढला हेच नवल. दोन्ही जोड्या एकदम लावणे आजपासून बंद करावे, यात तडजोड नाही.

नुसत्या ‘ए’ला ४ ओहम जोडून घरगुती आवाजात ऐकायला माझी हरकत नाही. २.८३ व्होल्टला ८६ डेसिबल म्हणजे, दोन स्पीकर मिळून, मध्यम दिवाणखान्यात कोचावर बसल्या जागी ८० डेसिबलच्या पुढेच आवाज येतो. त्या वेळी प्रवाह असतो फक्त ०.७ अँपिअर. जाता जाता एक गोष्ट : २.८३ व्होल्ट ८ ओहमला १ वॅट होतात आणि ४ ओहमला २ वॅट. त्यामुळे जाहिरातीत ८६ डेसिबल लिहिलेला ४ ओहमचा स्पीकर वॅटच्या हिशेबात ८३चा असतो. विकणारे हे सांगत नाहीत.

डाखकाम

ओहमकार यांनी गणित मांडले आहे, मी दुरुस्तीच्या टेबलावरून बोलतो.

रिसीव्हर ‘टक्’ करून बंद पडण्याची दोन मुख्य कारणे असतात आणि ती वेगळी ओळखता येतात. ढोलाच्या ठोक्याला किंवा तबल्याच्या जोरकस थापेला रिले (स्पीकर जोडणारी-तोडणारी आतली स्वयंचलित कळ) सुटली आणि काही सेकंदांत परत लागली, तर प्रवाहाची मर्यादा ओलांडली गेली असे समजावे. बराच वेळ वाजल्यावर, जाळी तापल्यावर सुटली आणि निवल्याखेरीज परत लागली नाही, तर उष्णतेची. आपले वर्णन दुसऱ्या प्रकारात बसते. संरक्षक मंडळाने आपले काम केले आहे. त्याला पुन्हा पुन्हा कामाला लावू नये, कारण रिलेच्या संपर्कबिंदूंवर प्रत्येक वेळी ठिणगी पडते आणि ती हळूहळू काळवंडतात. मग एक चॅनेल कमी आवाजात येतो-जातो आणि लोक ते स्पीकरचे दुखणे समजतात.

तीस वर्षांच्या यंत्रात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आउटपुट ट्रान्झिस्टर आणि हीट सिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून पिठासारखी झालेली असते, वर धुळीचा थर बसलेला असतो. अशा वेळी ट्रान्झिस्टर जळत असतो आणि हीट सिंक कोमटच लागतो. माहीतगाराकडून पेस्ट बदलून घ्यावी आणि त्याच वेळी ट्रान्झिस्टरमधला शांत-प्रवाह (गाणे वाजत नसतानाही वाहणारा प्रवाह) पुस्तिकेप्रमाणे लावून घ्यावा. याला फार खर्च येत नाही. आणि हा रिसीव्हर काचेच्या दारांच्या शोकेसमध्ये असेल, त्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी असेल, तर ती आधी उतरवावी. मी हे विनोदाने लिहीत नाही. वर निदान वीतभर जागा मोकळी हवी.

रेझिस्टरबद्दल : तो लावू नये. गणित साधे आहे. ४ ओहमचा रेझिस्टर मालिकेत लावला की जिथे स्पीकर ३.२ ओहम असतो तिथे त्याला दिलेल्या व्होल्टेजच्या ४४ टक्के मिळतात आणि जिथे तो २० ओहम असतो तिथे ८३ टक्के. म्हणजे अनुनादापाशी आणि बाकीच्या वारंवारतांत सुमारे साडेपाच डेसिबलचा फरक पडतो. जर्मन अभियंत्यांनी क्रॉसओव्हर (खर्ज आणि उंच स्वर वेगळे करणारी आतली गाळणी) बसवताना अर्ध्या डेसिबलसाठी केलेली मेहनत तिथेच वाया जाते. खर्ज फुगीर आणि ढिला होतो, कारण वूफरला आवरून धरणारी अ‍ॅम्प्लिफायरची पकड उरत नाही. शिवाय रेझिस्टर जवळपास स्पीकरइतकीच वीज उष्णतेत घालवतो. १० वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर मोठ्या आवाजात इतका तापतो की लाकडी पेटीला चिकटवलेला असेल तर डाग पडतो. रिसीव्हर वाचतो हे खरे, पण ज्यासाठी हे स्पीकर ठेवले ते ऐकायलाच मिळत नाही.

लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर १०० व्होल्टच्या सार्वजनिक ध्वनिक्षेपणासाठी असतो : एकाच तारेवर पंधरावीस भोंगे टांगायचे असतात तेव्हा. त्याचा गाभा लहान असतो, भाषणाला तो पुरतो, खर्जात तो संपृक्त होतो, आणि आपल्या कामाला लागणारे प्रमाणही त्यात नसते. इम्पीडन्स दुप्पट-चौपट करून दाखवणारे खास ऑटोट्रान्सफॉर्मर परदेशात मिळतात आणि ते चांगलेही असतात, पण त्या पैशांत आपल्याकडे ४ ओहमला समर्थ असा वापरलेला अ‍ॅम्प्लिफायर येतो.

तार तपासायला विसरू नका. स्पीकर जोडलेला ठेवून रिसीव्हरकडच्या टोकाला मल्टिमीटर लावा. ३.४पेक्षा किंचित जास्त आले पाहिजे. कमी आले तर कुठेतरी दोन तारांचे केस (आतले बारीक तंतू) एकमेकांना शिवत आहेत, आणि मग ४ की ८ ही चर्चाच गैरलागू ठरते. तपासताना रिसीव्हर बंद ठेवून त्याच्याकडची टोके सोडवावीत.

वऱ्हाडी_उन्हाळा

मी अकोल्याला राहतो, म्हणून माझे मत थोडे कडक आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी खोलीत ३८-४० अंश असतात. कूलर असला तरी तो रिसीव्हरच्या शोकेसपर्यंत पोहोचत नाही. हीट सिंकचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत असते, त्यामुळे पुण्याच्या जानेवारीत जे चालते ते इथल्या मे महिन्यात चालेलच असे नाही. ज्यांच्या रिसीव्हरला इम्पीडन्सची कळ आहे त्यांनी ४ ओहमच्या स्पीकरला ती ४ वरच ठेवावी, असे माझे म्हणणे आहे. परदेशी चर्चांमध्ये ‘ती कळ कायम ८ वर ठेवा, ४ वर ठेवली की अ‍ॅम्प्लिफायर गुदमरतो’ असा सल्ला सर्रास दिला जातो, तो आपल्याकडे डोळे झाकून उचलू नये.

ओहमकार

वऱ्हाडी_उन्हाळा यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. ती कळ बहुतेक रिसीव्हरमध्ये आतल्या पुरवठ्याचे व्होल्टेज खाली आणते. ट्रान्सफॉर्मरचे कमी व्होल्टेजचे टोक वापरले जाते. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे व्होल्टेज ७० टक्क्यांवर आणले की ४ ओहमची उष्णता पूर्वीच्या ८ ओहमइतकीच होते, आणि वॅटही जवळपास ८ ओहमला मिळत होते तेवढेच मिळतात. ४ ओहममुळे जे जादा वॅट मिळाले असते तेवढे सोडायचे. ‘गुदमरतो’ हा शब्द म्हणून अतिशयोक्त वाटतो. दुसऱ्या बाजूने, आवाज फार चढवला तर कमी व्होल्टेजमुळे ध्वनीचे शेंडे आधी छाटले जातात आणि छाटलेल्या ध्वनीत ट्वीटरला (उंच स्वरांच्या छोट्या पडद्याला) नको ती ऊर्जा मिळते. मोठ्या आवाजाची सवय असलेल्या तरुणाच्या खोलीत मी ती कळ ८ वर ठेवून पंखा लावीन. सकाळी अभंग आणि रात्री गझल ऐकणाऱ्या घरात ४ वर.

मंद्रसप्तक यांना ती कळ नाही, म्हणून त्यांनी आवाजाच्या बटणावरच मर्यादा आखून घ्यावी. पद्धत अशी. मोबाइलवर किंवा सीडीवर १०० हर्ट्झचा सलग स्वर पूर्ण पातळीवर ध्वनिमुद्रित केलेला घ्यावा. असे स्वर तयार करून देणारी मोफत अ‍ॅप मिळतात. स्पीकरच्या तारा रिसीव्हरवरून सोडवाव्यात. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर बिनभाराचा चालवला तरी बिघडत नाही. व्हॉल्व्हचा मात्र असा कधीही चालवू नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या जोडणीला लावावा आणि आवाज शून्यापासून हळूहळू वाढवत न्यावा. १०० हर्ट्झ मुद्दाम सांगतो आहे, कारण स्वस्त मल्टिमीटर सुमारे ४०० हर्ट्झच्या पुढे एसी नीट मोजत नाहीत.

किती व्होल्टला थांबावे? कंपनीने ८ ओहमला ज्या प्रवाहाची हमी दिली आहे, त्याच्या पुढे जायचे नाही असे ठरवले तर २.७५ अँपिअर गुणिले ३.२ ओहम, म्हणजे सुमारे ९ व्होल्ट. बटण जिथे आले तिथे पेन्सिलीने बारीक खूण करावी. त्या स्रोतावरचे कोणतेही गाणे पूर्ण पातळीच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून त्या खुणेच्या अलीकडे प्रवाह हमीच्या आतच राहतो. ९ व्होल्ट म्हणजे ४ ओहमला २० वॅट. ऐकायला थोडे वाटते, पण २.८३ व्होल्टच्या तुलनेत हे १० डेसिबल जास्त आहे, म्हणजे १ मीटरवर एका स्पीकरचे ९६ डेसिबल. शेजारी दार वाजवतील.

दोन पथ्ये आहेत. बास-ट्रेबलची बटणे मध्यावर आणि लाउडनेसची कळ बंद असताना ही खूण खरी असते. लाउडनेस खर्ज उचलते आणि प्रवाह खर्जातच जास्त लागतो. दुसरे, स्रोत बदलला की खूण बदलते. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो, मोबाइलच्या हेडफोनच्या छिद्रातून त्याहून बरेच कमी मिळते.

मंद्रसप्तक

सर्वांचे आभार. ‘बी’ची जोडी काढून टाकली आहे. रिसीव्हर खरोखरच शोकेसमध्ये होता. रुमाल नव्हता, पण वर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला होता. आता तो उघड्या स्टँडवर आणला आहे. सीडी प्लेअरवर ९ व्होल्टची खूण घड्याळाच्या काट्याच्या साडेदहाच्या जागी आली. आम्ही एरवी नऊच्या पुढे जातच नाही. थर्मल पेस्टचे काम पुढच्या आठवड्यात करून घेणार आहे.

तार तपासताना रिसीव्हरच्या टोकाला ४ ओहम आले, म्हणजे स्पीकरपेक्षा ०.६ जास्त. तार ८ मीटर आहे, दिवाणखान्याच्या कडेने फिरवून नेली आहे, आणि बारीक आहे, बहुधा ०.५ चौरस मिलिमीटरची. यामुळे रिसीव्हरवरचा भार हलका होतो, तर ती तशीच ठेवावी का?

डाखकाम

ठेवू नये. ती तार म्हणजे दुकानदाराचा रेझिस्टरच आहे, फक्त लांबट. ०.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.०३९ ओहम असतो; ८ मीटर जाऊन येऊन १६ मीटर, म्हणजे ०.६२. आपले मोजमाप अगदी बरोबर आले आहे. यातून स्पीकरच्या प्रतिसादात सुमारे सव्वा डेसिबलचा उंचसखलपणा येतो. २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर रोध ०.१३ ओहमवर येतो आणि फरक पाव डेसिबलच्या आसपास राहतो. रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत असावा असा ठोकताळा आहे. ४ ओहमला ०.२. ८ ओहमच्या स्पीकरला जी तार चालून गेली ती ४ ओहमला चालत नाही, हे यातले तात्पर्य.

यासाठी ‘ऑडिओफाइल’ म्हणून पारदर्शक वेष्टनात विकली जाणारी तार घेऊ नका. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा आपल्या गावच्या विजेच्या सामानाच्या दुकानात चांगल्या कंपनीची २.५ चौरस मिलिमीटरची, बारीक केसांची तांब्याची तार मिळते. लाल आणि काळी अशा दोन घेऊन एकमेकींभोवती सैल पीळ द्यावा. स्वस्त तारेत अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. नखाने खरवडून किंवा चाकूने केस तिरपा कापून पाहावा, आत पांढरे दिसले तर परत करावी. जुन्या रिसीव्हरच्या स्प्रिंगच्या पकडीत २.५ची तार जात नसेल तर टोकाला पिन दाबून घ्यावी. केस कापून तार बारीक करू नये. कापलेले केसच पुढे शेजारच्या जोडणीला शिवतात.

भंगारातून_सोने

याच धाग्यात विचारतो, कारण विषय तोच आहे. डीव्हीडी होम थिएटरचा संच होता, त्याचे मुख्य यंत्र गेले, दुरुस्तीला सुटे भाग मिळत नाहीत. चार सारखे छोटे स्पीकर उरले आहेत, प्रत्येकावर ३ ओहम लिहिले आहे, आणि एक बिनअ‍ॅम्प्लिफायरचा सबवूफर आहे. हे एखाद्या साध्या स्टिरिओ रिसीव्हरला लावता येतील का? त्यांना ३ ओहमच का ठेवतात?

ओहमकार

३ ओहम ठेवण्याचे कारण मोटारीतल्या ४ ओहमच्या स्पीकरसारखेच आहे. मोटारीत पुरवठा १२ ते १४ व्होल्टचा असतो. एवढ्या व्होल्टेजमध्ये वॅट हवे असतील तर प्रवाह वाढवणे, म्हणजे इम्पीडन्स कमी ठेवणे, हा सरळ मार्ग आहे. होम थिएटरच्या संचातही पुरवठा आटोपशीर असतो आणि खोक्यावर मोठा आकडा छापायचा असतो. ते अ‍ॅम्प्लिफायर आणि ते स्पीकर एकमेकांसाठीच बांधलेले असतात.

मालिकेत जोडायचे तर एकसारखेच स्पीकर घ्यावे लागतात, आणि आपल्याकडे ते आहेत. प्रत्येक चॅनेलला दोन-दोन मालिकेत जोडा. ६ ओहम होतील. एकसारखे असल्यामुळे प्रत्येक वारंवारतेला व्होल्टेज निम्मे-निम्मे वाटले जाते आणि आधी रेझिस्टरबाबत सांगितलेला दोष इथे येत नाही. दोन्ही शेजारी न ठेवता एकावर एक ठेवावेत, नाहीतर डोके हलवले तरी उंच स्वर बदलतात. ८ ओहम छापलेल्या रिसीव्हरलाही मध्यम आवाजात ६ ओहम फारसे जड नाहीत.

पण इम्पीडन्सपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. मूळ यंत्र या छोट्या स्पीकरना खर्ज पाठवतच नव्हते. तो वेगळा काढून सबवूफरला दिला जात होता. साध्या रिसीव्हरला जोडले की सगळा खर्ज या मुठीएवढ्या पडद्यांवर येईल आणि ते कॉइलसह बाहेर हेलपाटतील. म्हणून प्रत्येक चॅनेलच्या मालिकेत एक २२० मायक्रोफॅरडचा, निदान ६३ व्होल्टचा, नॉन-पोलर (धन-ऋण टोकांचा भेद नसलेला) कपॅसिटर टाका. ६ ओहमला तो सुमारे १२० हर्ट्झच्या खालचा भाग उतरवत नेतो. तो मिळाला नाही तर ४७० मायक्रोफॅरडचे दोन साधे इलेक्ट्रोलिटिक घेऊन त्यांची ऋण टोके एकमेकांना डाखवा, २३५ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर तयार होतो. जोडणीत पहिल्या स्पीकरचे ऋण टोक दुसऱ्याच्या धन टोकाला गेले पाहिजे. उलटे झाले तर दोन्ही पडदे विरुद्ध दिशेने हलतात आणि आवाज पोकळ येतो.

सबवूफर रिसीव्हरच्या ‘बी’ला लावू नका. त्याच्यात गाळणी नाही, त्यामुळे त्यातून गाणेही येईल, आणि ‘ए’च्या ६ ओहमशी समांतर होऊन तो भार पुन्हा ३च्या आसपास किंवा त्याहून खाली आणेल. त्याला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर हवा, ज्याला खर्ज गाळण्याची सोय आहे आणि ज्याच्या पाठीवर सबवूफरच्या पट्टीवरचा आकडा किंवा त्याहून लहान आकडा छापलेला आहे.